विश्लेषण : छंदाच्या सर्किट बोर्डला घरातली २३० व्होल्ट वीज जोडताना धोका नेमका कुठे असतो?

मोबाइलवरून दिवा-पंखा चालू-बंद करणारा प्रकल्प आज साधारण पाचशे रुपयांच्या सुट्या भागांत तयार होतो. त्यातला मायक्रोकंट्रोलर ५ व्होल्टवर चालतो, पण शेजारच्याच रिलेवर घरातली २३० व्होल्ट वीज आलेली असते. या दोन विजांच्या मध्ये काय असायला हवे आणि ते नसेल तर काय होते?

अभियांत्रिकी आणि पदविकेच्या मिनी प्रोजेक्टमध्ये, शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात आणि घरच्या अभ्यासाच्या टेबलावरही एक प्रकल्प हमखास दिसतो. आर्डुइनो किंवा वायफाय असलेला ईएसपी बोर्ड, निळ्या रंगाचे रिले मॉड्यूल आणि त्याला जोडलेला दिवा. मुंबईतला लॅमिंग्टन रोड, पुण्यातली तपकीर गल्ली किंवा एखादे ऑनलाइन दुकान, कुठूनही हे भाग सहज मिळतात. कोड इंटरनेटवर तयार असतो. उरते ते शेवटचे काम, म्हणजे वायर सोलून रिलेच्या स्क्रूत आवळणे आणि प्लग बोर्डात लावणे. सगळ्यात सोपा वाटणारा हाच टप्पा जिवावर बेतू शकतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) अहवालांनुसार अलीकडच्या वर्षांत देशभरात दरवर्षी १० हजारांहून अधिक जणांचा मृत्यू विजेच्या धक्क्याने झाला आहे. त्यात तुटलेल्या तारांपासून घरगुती उपकरणांपर्यंत सगळी कारणे आली. छंदाच्या प्रकल्पांचा त्यातला वाटा वेगळा मोजला जात नाही. पण शॉक बसण्यामागचे शास्त्र सगळीकडे एकच आहे.

५ व्होल्ट आणि २३० व्होल्ट यांत फरक काय?

बोर्डच्या ५ व्होल्टच्या पिनला बोट लागले तर काहीच जाणवत नाही. त्यामुळे बोर्ड हातात धरून काम करण्याची सवय लागते. हीच सवय २३० व्होल्टच्या बाजूला घातक ठरते. शिवाय २३० व्होल्ट हा विजेचा परिणामी आकडा आहे. भारतातला पुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने विद्युतदाब सेकंदाला १०० वेळा सुमारे ३२५ व्होल्टच्या शिखरापर्यंत जातो.

शरीराला इजा होते ती त्यातून वाहणाऱ्या प्रवाहामुळे. अर्धा मिलिअँपिअर प्रवाह कळतो. १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वायर सोडता येत नाही. ३० मिलिअँपिअरच्या वर प्रवाह काही क्षण वाहत राहिला तर श्वास अडखळू शकतो आणि हृदयाची लय बिघडू शकते. कोरडी त्वचा विजेला चांगला रोध करते, पण घामेजलेल्या हातांनी हा रोध हजार ओहमच्या आसपास उतरतो. २३० व्होल्टला हजार ओहमने भागले की २३० मिलिअँपिअर येतात. तुलनाच करायची तर ९ वॉटचा एलईडी बल्ब साधारण ४० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे एक छोटा बल्ब पेटायला जेवढा प्रवाह लागतो, तेवढा माणसाचा जीव घ्यायला पुरेसा आहे.

घरात एमसीबी असताना भीती कशाची?

हा सर्वांत मोठा गैरसमज. एमसीबी असते ती वायर तापून आग लागू नये म्हणून. सहा अँपिअरची एमसीबी म्हणजे ६ हजार मिलिअँपिअर. माणसाच्या शरीरातून २३० मिलिअँपिअर वाहत असले तरी एमसीबीच्या दृष्टीने तो एक किरकोळ लोड असतो आणि ती खाली पडत नाही.

माणसाला वाचवण्यासाठी असते ते आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो की नाही, हे ते सतत तपासते. शॉक बसताना काही प्रवाह शरीरातून जमिनीत जातो आणि हिशेब जुळत नाही. हा फरक ३० मिलिअँपिअर झाला तर घरगुती वापरासाठीचे आरसीसीबी ०.३ सेकंदाच्या आत पुरवठा तोडते. फरक मोठा असेल तर त्याहून लवकर. त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ असे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. दाबल्यावर पुरवठा गेला नाही, तर ते बदलायला हवे.

मात्र आरसीसीबीलाही मर्यादा आहे. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल पकडले तर गेलेला प्रवाह पुरता परत येतो आणि आरसीसीबीला काहीच वावगे दिसत नाही. तो प्रवाह मात्र छातीतून जातो. म्हणून आरसीसीबी हा शेवटचा आधार समजावा, काम करण्याचा परवाना नव्हे.

सर्वांत सुरक्षित मार्ग कोणता?

२३० व्होल्ट बोर्डवर आणायचेच नाहीत. बोर्ड चालवण्यासाठी ५ किंवा १२ व्होल्टचा तयार ॲडॉप्टर घ्यावा. मोबाइलचा चार्जरही चालतो. बोर्डला वीज हवी एवढाच प्रश्न असेल, तर त्याचे उत्तर बहुतेक प्रकल्पांत इथेच संपते.

ॲडॉप्टर घेताना एक गोष्ट पाहावी. मोबाइलचे चार्जर आणि संगणकीय उपकरणांचे ॲडॉप्टर भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) सक्तीच्या नोंदणी योजनेत येतात. त्यांच्यावर मानक चिन्हासोबत ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की उत्पादक आणि उत्पादन कोणते ते दिसते. छापलेला क्रमांक भलत्याच वस्तूचा निघाला तर तो ॲडॉप्टर घेऊ नये. रस्त्यावर वजनाला हलका लागणारा, विनाचिन्हाचा ॲडॉप्टर चाळीस-पन्नास रुपये वाचवतो, पण त्याच्या आत सुरक्षेचे कोणते भाग गाळले आहेत ते बाहेरून कळत नाही.

ॲडॉप्टरच्या आत असे काय असते?

त्याच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो. त्याची दोन वेटोळी एकमेकांना तारेने जोडलेली नसतात. ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते, पण फेज आणि ५ व्होल्टची बाजू यांच्यात थेट वाट नसते. याला ‘आयसोलेशन’ म्हणतात. या विषयातला कळीचा शब्द हाच. बोर्ड सुरक्षित आहे की नाही, हे व्होल्टमीटरवर ५ दिसतात का यावरून ठरत नाही. ते ५ व्होल्ट मेनपासून वेगळे आहेत का, यावरून ठरते.

हा फरक कळण्यासाठी ‘ट्रान्सफॉर्मरलेस’ सर्किटचे उदाहरण पुरेसे आहे. स्वस्त नाइट लॅम्पमध्ये आणि काही एलईडी दिव्यांत ते वापरतात. त्यात ट्रान्सफॉर्मरऐवजी ०.४७ मायक्रोफॅरडसारखा एक कपॅसिटर असतो. ५० हर्ट्झला त्याचा रोध सुमारे ६,८०० ओहम भरतो आणि त्यातून सुमारे ३४ मिलिअँपिअर वाहतात. पुढे झेनर डायोड लावून ५ व्होल्ट मिळवले जातात. इंटरनेटवर हे सर्किट ‘फक्त पाच भागांत पॉवर सप्लाय’ म्हणून फिरत असते. मीटर ५ व्होल्टच दाखवतो. पण बोर्डचा ग्राउंड थेट मेनच्या एका वायरला जोडलेला असतो. दोन पिनांचा प्लग उलटाही बसतो. तो उलटा बसला की ग्राउंड म्हणजेच फेज होतो. मग मध्ये कपॅसिटरचा रोधही राहत नाही आणि बोर्डचा प्रत्येक स्क्रू २३० व्होल्टवर असतो.

अशा बोर्डला कोड भरण्यासाठी लॅपटॉपची यूएसबी केबल जोडली, तर लॅपटॉपच्या धातूच्या भागांवर मेनची वीज येते. बाजारात मिळणाऱ्या अनेक वायफाय स्विचच्या आतही असेच विनाआयसोलेशनचे सर्किट असते. त्यात स्वतःचा कोड भरण्याचा छंद अनेकांना आहे. तो करताना प्लग काढलेला असणे आणि बोर्डला वेगळ्या स्रोतातून वीज देणे, याला पर्याय नाही.

बोर्डवरच मेन आणावी लागली तर क्रम काय असावा?

भिंतीतल्या स्विचबॉक्समध्ये बसणारा प्रकल्प असेल तर बाहेरचा ॲडॉप्टर लावता येत नाही. अशा वेळी स्वतः ट्रान्सफॉर्मर गुंडाळण्यापेक्षा किंवा सर्किट रचण्यापेक्षा पूर्ण बंदिस्त असे एसी-डीसी मॉड्यूल घ्यावे. काडेपेटीहून लहान आकारात ५ व्होल्ट, ३ वॉट देणारी, म्हणजे ०.६ अँपिअरची, आयसोलेशन असलेली मॉड्यूल मिळतात.

मॉड्यूलच्या आधी क्रमाने दोन भाग हवेत. पहिला फ्यूज, तोही फेजच्या वाटेत आणि वायर बोर्डवर येते तिथेच. ३ ते ५ वॉटच्या मॉड्यूलसाठी ५०० मिलिअँपिअर ते १ अँपिअरचा ‘स्लो ब्लो’ फ्यूज पुरतो. त्याच्या पुढे फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये एमओव्ही. पुरवठ्यात क्षणिक उसळी आली की तो ती स्वतःवर घेतो. आपल्या पुरवठ्यासाठी ‘४७१’ छापलेला, ३०० व्होल्ट एसीपर्यंतचा एमओव्ही वापरला जातो. तो फ्यूजच्या आधी लावला तर निकामी होऊन शॉर्ट झाल्यावर तिथेच जळत राहू शकतो. फ्यूज उडाल्यावर त्या जागी तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे संरक्षण काढून टाकणे.

यानंतर येते अंतर. मेनची बाजू आणि ५ व्होल्टची बाजू यांच्यात बोर्डच्या पृष्ठभागावरून मोजलेले किमान ६ ते ८ मिलिमीटर अंतर ठेवण्याचा प्रघात आहे. तेवढी जागा नसेल तर मध्ये बोर्डला आरपार खाच पाडतात. दुकानात ‘झिरो पीसीबी’ म्हणून मिळणाऱ्या भोकांच्या बोर्डवर दोन भोकांच्या केंद्रांत २.५४ मिलिमीटर अंतर असते आणि तांब्याच्या दोन ठिपक्यांत उरते ते जेमतेम मिलिमीटरभर. म्हणून तिथे मेन आणायचीच झाली, तर मधल्या दोन-तीन रांगांतले तांबे खरवडून काढावे लागते. सोल्डरिंगनंतर राहिलेला फ्लक्सचा चिकट थर, धूळ आणि पावसाळ्यातला दमटपणा यांतून त्या अंतरावर वीज गळू शकते. कोकण आणि मुंबईच्या हवेत हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. ब्रेडबोर्ड आणि जंपर वायर तर मेनसाठी कधीच वापरू नयेत.

रिले मॉड्यूल जोडताना चुका कुठे होतात?

पहिली चूक न्यूट्रल तोडण्याची. रिलेमधून न्यूट्रल नेली तर ‘ऑफ’ म्हटल्यावर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज तशीच राहते. बल्ब बदलायला गेलेल्याला शॉक बसतो. रिलेमधून नेहमी फेजच न्यायला हवी.

दुसरी चूक रिलेवरचा आकडा वाचण्याची. ‘१० अँपिअर, २५० व्होल्ट एसी’ हा आकडा साध्या बल्ब किंवा हीटरसारख्या लोडसाठी असतो. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह खेचते. पाण्याचा पंप अशा रिलेवर लावला तर आतले संपर्क तापून एकमेकांना चिकटू शकतात. मग ॲपवर ‘ऑफ’ दिसते आणि पंप चालूच राहतो. म्हणून ॲपवर बंद केले म्हणजे वीज गेली असे मानून वायरला हात लावू नये. पंपासाठी योग्य क्षमतेचा कॉन्टॅक्टर लावावा आणि रिलेने फक्त तो चालवावा.

तिसरी चूक दिसत नाही, कारण ती बोर्डच्या खाली असते. मॉड्यूलच्या मागच्या बाजूला रिलेचे सोल्डरचे डाग उघडेच असतात. बोर्ड उचलताना बोटे नेमकी तिथे जातात. धातूच्या टेबलावर किंवा खोक्यात मॉड्यूल तसेच ठेवले तर शॉर्टसर्किट होते. नायलॉनचे स्पेसर लावून ते उंचावर बसवावे.

काही मॉड्यूलवर ऑप्टोकपलर असतो आणि ‘जेडी-व्हीसीसी’ नावाचा जंपर असतो. तो जंपर बसवलेलाच ठेवला तर दोन्ही बाजू एकाच ५ व्होल्टवर चालतात आणि ऑप्टोकपलरचे वेगळेपण नावापुरते उरते. रिलेची कॉइल आणि संपर्क तरीही वेगळे असतात. पण दुहेरी संरक्षण हवे असेल तर जंपर काढून रिलेला वेगळा ५ व्होल्ट पुरवठा द्यावा लागतो.

खोका, वायर आणि अर्थिंग कसे असावे?

मेन असलेला कोणताही बोर्ड उघडा राहू नये. प्लास्टिकचा, स्क्रूने बंद होणारा खोका सर्वांत सोयीचा. खोका धातूचा असेल तर अर्थची वायर त्याला पक्की जोडलीच पाहिजे. आत फेज सुटून खोक्याला टेकली तर मोठा प्रवाह अर्थमधून जातो आणि एमसीबी किंवा फ्यूज उडतो. अर्थ नसेल तर खोका २३० व्होल्टवर वाट पाहत राहतो. आत अर्थची वायर इतर दोन वायरींपेक्षा थोडी लांब ठेवतात. केबल ओढली गेलीच, तर ती सर्वांत शेवटी सुटते.

सॉकेटकडे तोंड करून पाहिले तर वरची मोठी पिन अर्थची, उजवी फेज आणि डावी न्यूट्रल, अशी आपल्याकडची मानक रचना आहे. जुन्या घरांत ती उलटलेली असू शकते. त्यामुळे टेस्टरने पाहून घ्यावे. वायरचे रंग जुन्या पद्धतीत लाल, काळा व हिरवा आणि नव्यात तपकिरी, निळा व हिरवा-पिवळा असतात.

केबल आयएसआय चिन्हाची, तीन तारांची घ्यावी. ती खोक्यात केबल ग्लँडमधून न्यावी, म्हणजे ओढ स्क्रूवर न येता ग्लँडवर येते. तारेच्या टोकाला कथिल लावून ते स्क्रू टर्मिनलमध्ये आवळण्याची सवय अनेकांना असते. ती सोडावी. कथिल मऊ असते, दाबाखाली हळूहळू पसरते आणि काही महिन्यांत स्क्रू सैल होतो. सैल जोड तापतो. त्याऐवजी टोकाला फेरूल किंवा लग दाबून बसवावे.

पहिल्यांदा चालू करताना काय तपासावे?

प्लग लावण्यापूर्वी मल्टिमीटरने तीन गोष्टी पाहाव्यात. प्लगची फेज आणि न्यूट्रल यांच्यात शॉर्ट नसावा. प्लगची कोणतीही पिन आणि ५ व्होल्टची बाजू यांच्यात सर्वांत मोठ्या रेंजवरही जोड दिसू नये. धातूचा खोका आणि अर्थ पिन यांच्यात जवळपास शून्य ओहम दिसावेत. महाविद्यालयाच्या मशिन लॅबमध्ये ५०० व्होल्टचा मेगर असतो. प्राध्यापकांच्या देखरेखीखाली फेज-न्यूट्रल एकत्र करून त्यांची ५ व्होल्टच्या बाजूपासूनची रोधकता त्यावर तपासली तर खात्री पटते. साधा मल्टिमीटर कमी व्होल्टवर मोजतो, त्याला कमकुवत आयसोलेशन दिसत नाही.

नंतर सिरीज बोर्ड वापरावा. वायरमन लोकांची ही जुनी युक्ती. ६० वॉटचा पिवळा बल्ब फेजच्या वाटेत घालून त्यातून नव्या सर्किटला वीज द्यायची. सर्किटमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि प्रवाह ०.२६ अँपिअरच्या वर जात नाही. सर्किट ठीक असेल तर बल्ब क्षणभर लुकलुकून मंद होतो. पण हा बल्ब सर्किटला वाचवतो, माणसाला नाही. ०.२६ अँपिअर म्हणजे २६० मिलिअँपिअर. चालू सर्किटला हात लावायची मुभा तो देत नाही.

मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या छिद्रात राहिलेली असताना मेनचा व्होल्टेज मोजायला जाणे, ही प्रयोगशाळेतली नेहमीची चूक. त्या छिद्रातून मीटर म्हणजे साधी तारच असते. ठिणगी उडून हात भाजतो. दरवेळी मोजण्यापूर्वी वायर कोणत्या छिद्रात आहे ते पाहावे.

काही बदल करायचा असेल तर स्विच बंद करणे पुरेसे नाही, प्लग काढावा. त्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर विद्युतदाब उरलेला असू शकतो. थोडा वेळ थांबून मीटरने मोजावे आणि मगच हात घालावा. हे काम एकट्याने, रात्री उशिरा, अनवाणी किंवा ओल्या फरशीवर बसून करू नये.

शॉक बसलाच तर काय करावे?

चिकटलेल्या माणसाला हाताने ओढू नये, ओढणारालाही शॉक बसतो. आधी मेन स्विच बंद करावा. तो जवळ नसेल तर प्लग खेचावा किंवा कोरड्या लाकडाने वायर दूर सारावी. शुद्ध आणि श्वास नसेल तर लगेच छातीवर दाब देणे (सीपीआर) सुरू करून १०८ किंवा ११२ क्रमांकावर मदत मागवावी. माणूस उठून बसला तरी डॉक्टरांना दाखवावे. हृदयाच्या लयीतला बिघाड वरून दिसत नाही.

शाळा-महाविद्यालयांत पर्याय काय?

‘मोबाइलवरून दिवा लावणे’ या प्रकल्पात विद्यार्थी शिकतो ते कोड, वायफायवरून आलेला आदेश आणि रिलेची जोडणी. दिवा २३० व्होल्टचा असो की १२ व्होल्टची एलईडी पट्टी असो, यातले काहीच बदलत नाही. रिले तेवढ्याच आवाजात टकटकतो. संगणकाचा १२ व्होल्टचा पंखा घरातल्या पंख्याऐवजी तितकाच चालतो. प्रदर्शनाच्या टेबलाभोवती लहान मुले उभी असतात आणि त्यांचा हात कुठे जाईल ते सांगता येत नाही. त्यामुळे प्रात्यक्षिक १२ व्होल्टवर आणि मेनची जोडणी अहवालातल्या आकृतीत, असा नियम विभागानेच केला तर कुणाचेही गुण कमी होत नाहीत. मेनवरचे प्रात्यक्षिक आवश्यकच असेल, तर ते बंद खोक्यात, आरसीसीबी असलेल्या टेबलावर आणि प्रयोगशाळा सहायकाने तपासल्यानंतरच व्हावे. या तपासणीला फार तर दहा मिनिटे लागतात.